अभ्यासाची वेळ हवीहवीशी व्हावी म्हणून: दहावीतल्या मुलीच्या आईला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी यंदा दहावीला आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. घर वन बीएचके आणि माणसं पाच. संध्याकाळी ती दोन-अडीच तास पुस्तक घेऊन बसते, पण नुसती पानं उलटते, मध्येच मोबाइल बघते, मध्येच पाण्याला उठते. नवं टेबल आणलं, रंगीत पेनं आणली, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं, नव्वद टक्के पडले तर नवा फोन असंही सांगून झालं. प्रत्येक वेळी आठवडाभर उत्साह टिकला आणि मग पुन्हा तेच. 'अभ्यासाला बस' म्हटलं की तिचं तोंड उतरतं. तिला ती वेळ नकोशी वाटू नये, यासाठी काय करावं?

अभ्यासाची गोडी टेबलाने लागत नाही. 'काल जमत नव्हतं ते आज जमलं' हे मुलीला स्वतःच्या वहीत दिसायला लागलं की ती लागते. दोन तास वाचूनही शेवटी काय आलं हे कळत नसेल तर कुठलाही माणूस कंटाळेल, त्यात मुलीचा आळस शोधू नका. म्हणून या उत्तराचा मोठा भाग वाचायचं कसं आणि सोडवायचं कसं यावर आहे. जागा, दिवा आणि वेळ यांचं काम वाटेतले खडे काढण्यापुरतं. पण खडेही बोचतात, तेव्हा सुरुवात तिथूनच.

वन बीएचके घरात स्वतंत्र अभ्यासाची खोली मिळणार नाही, तिची गरजही नाही. लागतो तो एक ठरलेला कोपरा, आणि तो टीव्हीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड असलेला. टेबलाची उंची ७० ते ७५ सेंटिमीटर, खुर्चीची ४० ते ४५. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली एक पाट ठेवा, कारण लोंबकळत्या पायांनी मांड्या अवघडतात आणि दर दहा मिनिटांनी उठावंसं वाटतं. जमिनीवर बसायची सवय असेल तर २५ ते ३० सेंटिमीटर उंचीचं घडीचं डेस्क किंवा चौरंग चालेल, पाठीला भिंतीचा आधार द्या. पलंगावर लोळून वाचायला मात्र नको. शरीर त्या जागेला झोपेची जागा समजतं, आणि मग अभ्यास आणि झोप दोन्ही बिघडतात.

दिवा ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. खोलीतली ट्यूबलाइट बहुतेक वेळा पाठीमागे असते, त्यामुळे डोक्याची आणि हाताची सावली नेमकी वहीवर पडते. नऊ वॉटचा साधा एलईडी बल्ब वाकत्या मानेच्या टेबललॅम्पमध्ये लावा. ती उजव्या हाताने लिहीत असेल तर तो डाव्या बाजूला, डावखुरी असेल तर उजव्या बाजूला ठेवा. खोलीतला मोठा दिवाही चालू राहू द्या. अंधारात एकटा लॅम्प लावला की डोळे लवकर थकतात. पुस्तक डोळ्यांपासून ३० ते ४० सेंटिमीटरवर असावं. ती सारखी पुढे झुकत असेल किंवा वाचताना डोकं दुखतं म्हणत असेल, तर बाकी काही करण्याआधी नंबर तपासून घ्या.

दुसरा खडा म्हणजे शोधाशोध. कंपास दप्तरात, पट्टी कपाटात, कच्ची वही भावाकडे. बसल्यावर यासाठी तीन वेळा उठावं लागलं की सुरुवातीचा जोर संपलाच. एका ट्रेमध्ये किंवा मिठाईच्या रिकाम्या खोक्यात हे कायमचं ठेवा: दोन निळी पेनं, एक लाल पेन, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी, कंपास, पाठकोरे कागद आणि पाण्याची बाटली. पंधरा रंगांची हायलायटर त्यात नकोत. ओळी रंगवताना अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि डोक्यात फार थोडं उरतं. कोपरा सजवायचाच असेल तर एका रविवारी एक तास द्या आणि तिथे थांबा. सजावट लांबली की तीच अभ्यास टाळायची सभ्य वाट होते.

टीव्हीचा आवाज हा तुमच्यासारख्या घरातला खरा प्रश्न आहे. पंख्याची घरघर किंवा रस्त्यावरचा गलका त्या मानाने सोसवतो, पण मालिकेतले संवाद नाही, कारण कळणाऱ्या भाषेतलं बोलणं कानावर पडलं की वाचणारं डोकं त्याचा अर्थ लावत बसतं. म्हणूनच शब्द असलेली गाणी लावून धडा वाचणं वाया जातं. आकृत्या काढताना किंवा नकाशा रंगवताना गाणी चालतील. आजींची मालिका बंद करायला लावू नका. त्यातून घरात कटुता येते आणि तिचा राग शेवटी अभ्यासावरच निघतो. त्यापेक्षा मुलीचे अवघड विषय मालिकेच्या आधी उरकतील अशी वेळ धरा. ते जमत नसेल तर जवळच्या अभ्यासिकेत दीड तास बसवा. समोर चार मुलं मान खाली घालून बसलेली असली की आपलीही मान खाली जाते, हा अभ्यासिकेचा खरा फायदा.

आता वेळेबद्दल. 'संध्याकाळी अभ्यास' ही वेळ नव्हे. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला तो बांधा: शाळेतून आल्यावर खाणं झालं, चहाचा कप विसळून ठेवला की बसायचं. घड्याळापेक्षा असा खुंटा पक्का असतो, कारण चहा कधी चुकत नाही. पहाटे साडेचारला उठवायचा आग्रह नको. या वयात झोपेची वेळ मुळातच पुढे सरकते आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. अकराला झोपून साडेचारला उठलेली मुलगी पुस्तकापुढे बसते खरी, पण काय वाचलं ते तिला सांगता येत नाही, आणि हळूहळू तिला पुस्तकाचाच राग येतो.

मोबाइल बंद करून शेजारी ठेवणं पुरत नाही, तो दुसऱ्या खोलीत किंवा स्वयंपाकघराच्या फळीवर हवा. वेळ मोजायला जुनं गजराचं घड्याळ घ्या. पाठ्यपुस्तकासाठी फोन लागतो ही सबब राहू नये म्हणून बालभारतीची पुस्तकं छापील स्वरूपात घरात असू द्या (संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात, हवी ती पानं छापून घेता येतात). एखादा व्हिडिओ बघायचाच असेल तर तो बैठकीच्या शेवटी, आधी ठरवलेला, एकच.

बैठक किती वेळाची? फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती अशी पद्धत बसवली. सुरुवातीला ती चांगली आहे, कारण पंचवीस मिनिटं हा आकडा भीती घालत नाही. पण ती कायमची ठेवू नका. बोर्डात बीजगणित आणि भूमितीचे पेपर ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात, भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तास चालतो. दिवाळीपर्यंत ४० मिनिटांच्या बैठका आणि जानेवारीत आठवड्यातून दोनदा सलग दोन तास अशी चढण ठेवा. भूमितीची सिद्धता अर्ध्यावर असताना घंटा वाजली तर सिद्धता पुरी करूनच उठायचं.

मधल्या पाच मिनिटांत रील नको. ते पाच मिनिटांत कधीच संपत नाही, आणि इतक्या झगमगाटानंतर पुस्तकाचं पान आहे त्याहून फिकं वाटतं. गॅलरीत उभं राहणं, वाळलेले कपडे काढणं, मूठभर शेंगदाणे-चुरमुरे खाणं, दोन मजले उतरून चढणं, असं काहीतरी अंग हलवणारं हवं.

बैठकीची पहिली पाच मिनिटं सगळ्यात नाजूक. बहुतेक मुलं नावडता धडा आधी काढतात, अडतात, आणि मग अर्धा तास नुसती बसून राहतात. सुरुवात नेहमी जमणाऱ्या गोष्टीने करायची: कालचं सुटलेलं एक उदाहरण न बघता पुन्हा सोडवायचं, किंवा पाच सूत्रं आठवून लिहायची. मग अवघड विषय. आणि उठताना उद्याची वाट मोकळी ठेवून उठायचं, म्हणजे उद्याचं पहिलं उदाहरण वहीत उतरवून, त्याची पहिली ओळ लिहून वही मिटायची. कोऱ्या पानासमोर बसायला सगळ्यांनाच जड जातं. अर्धं लिहिलेलं पान मात्र ओढून घेतं.

आता मुख्य गोष्ट. तुमची मुलगी वाचते आणि पुन्हा वाचते, बहुसंख्य मुलं हेच करतात. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये याची साधी चाचणी घेतली. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवत होतं आणि लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने विचारलं तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ५६. मुलं फसतात ती यामुळेच. पुन्हा वाचलं की लगेच छान येतंय असं वाटतं, आणि चाचणीच्या दिवशी पाटी कोरी. मग 'मी एवढा अभ्यास करूनही मला येत नाही' असा समज पक्का होतो आणि अभ्यासाची वेळ नकोशी होते.

म्हणून वाचनाला खेळाचं रूप द्या: वाचा, मिटा, लिहा, तपासा. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, त्यातलं हवामान घ्या. पुस्तक उघडण्याआधीच एक प्रश्न कागदावर लिहायचा: 'ब्राझीलच्या ईशान्य भागाला अवर्षण चतुष्कोन का म्हणतात?' मग दोन पानं वाचायची, आठ-दहा मिनिटं. पुस्तक मिटून पाठकोऱ्या कागदावर ब्राझीलचा वेडावाकडा नकाशा काढायचा, त्यात ॲमेझॉनचं खोरं, उच्चभूमी, अजस्र कडा दाखवायचा, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा बाण काढायचा आणि कड्यामुळे पाऊस कुठे अडतो ते एका वाक्यात लिहायचं. मग पुस्तक उघडून लाल पेनाने स्वतःच दुरुस्ती. नकाशा सुंदर नकोच. लाल खुणा जितक्या जास्त तितकी ती बैठक कामाची झाली, हे तिला आधीच सांगून ठेवा. नाहीतर त्या खुणांनी ती हिरमुसेल. तीन दिवसांनी तोच नकाशा पुन्हा काढला की लाल खुणा कमी झालेल्या दिसतात. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा. हवी असलेली गोडी इथून येते.

विज्ञानात घरातल्या घरात बरंच सापडतं. 'उष्णता' प्रकरण वाचण्याआधी विचारा, उकळत्या पाण्यापेक्षा कुकरच्या वाफेने जास्त का भाजतं? १ ग्रॅम उकळतं पाणी हातावर पडून ४० अंशांपर्यंत निवलं तर त्यातून ६० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेवढ्याच वाफेचं आधी पाणी होतं, तेव्हा ५४० कॅलरी बाहेर पडतात आणि त्यानंतर वरच्या ६०. वाफ दहापट तापट कशी, हे इथे दिसतं आणि 'अप्रकट उष्मा' ही व्याख्या पाठ करावी लागत नाही. फ्रिजमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून पाणी का सुटतं, या प्रश्नातून दवबिंदू येतो. मात्र असे प्रश्न वाचनाच्या आधी हवेत. धडा संपल्यावर विचारले की ती तोंडी परीक्षा वाटते.

गणित नावडतं असेल तर त्याचं कारण बहुधा दोनपैकी एक असतं. पहिलं म्हणजे मागचा खड्डा. अपूर्णांक किंवा ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी कच्ची असेल तर वर्गसमीकरण दरवेळी अखेरच्या दोन ओळींत चुकतं आणि मुलीला वाटतं आपल्याला वर्गसमीकरणच येत नाही. तिच्या चुकलेल्या दहा उदाहरणांत नेमकी कोणती ओळ चुकली यावर गोल करा. गोल एकाच प्रकारच्या ओळीवर पडत असतील तर सातवी-आठवीच्या पुस्तकातून तेवढाच भाग आठवडाभर रोज दहा मिनिटं करून घ्या. 'दहावीत येऊन सातवीचं?' असं कोणी म्हणता कामा नये.

दुसरं कारण म्हणजे थेट सरावसंचात उडी. आधी सोडवलेलं उदाहरण समजून घ्यायचं, मग त्याची शेवटची ओळ कागदाने झाकून ती स्वतः लिहायची. पुढच्या उदाहरणात शेवटच्या दोन ओळी झाकायच्या, आणि असं करत करत पूर्ण उदाहरणापर्यंत यायचं. यात अडकून बसायची वेळ क्वचित येते. प्रकार हाताला बसला की मग मिसळ: दोन उदाहरणं अंकगणिती श्रेढीची, दोन वर्गसमीकरणांची, एक संभाव्यतेचं, क्रम उलटसुलट. अमेरिकेत रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींची घनफळं काढायला दिली. एकेक प्रकार सलग करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळ करणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर राहिले. मिसळ सराव करताना जास्त चुकतं, हे मुलीला आणि तुम्हालाही माहीत हवं. नाहीतर पहिल्याच दिवशी 'आधीचीच पद्धत बरी' म्हणून तो सोडून दिला जातो.

व्याख्या, सूत्रं, मूलद्रव्यांच्या संज्ञा, इंग्रजी शब्द, इतिहासातल्या सनावळ्या यांच्यासाठी चिठ्ठ्या उत्तम. जुन्या लग्नपत्रिका कापून चार-चार तुकडे करा, छापील बाजूवर कोरा कागद चिकटवा, एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर. तीन खोकी घ्या. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या दर तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे घरगुती रूप आहे. ती फसते दोन कारणांनी: एका चिठ्ठीवर आख्खं पाच गुणांचं उत्तर उतरवलं जातं, किंवा पहिल्याच दिवशी साठ चिठ्ठ्या तयार होतात. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि दिवसाला नव्या आठ-दहाच. तिसरं खोकं भरत गेलेलं डोळ्यांना दिसतं, त्याचा आनंद मुलं बोलून दाखवत नाहीत पण घेतात. आजींना हे काम द्या. त्यांनी चिठ्ठी वाचायची, नातीने उत्तर सांगायचं. आजी अभ्यासात आल्या की टीव्हीचा प्रश्नही निम्मा सुटतो.

बक्षिसाबद्दल स्पष्टच सांगायला हवं, कारण नव्या फोनचं आमिष दाखवून झालंय. स्टॅनफर्डमध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल, असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. मोठ्या बक्षिसाने काम हे बक्षिसाचं भाडं होऊन बसतं. शिवाय फेब्रुवारी-मार्चमधल्या परीक्षेचं आणि त्याही नंतरच्या निकालाचं बक्षीस आज संध्याकाळी साडेसहाला बसायला उपयोगी पडत नाही. दिलेला शब्द मोडू नका, पण नवे सौदे करू नका. त्याऐवजी प्रत्येक बैठकीनंतर लगेच मिळणारी छोटी सुखाची गोष्ट ठेवा: खाली मैत्रिणीबरोबर वीस मिनिटं, आवडीचं गाणं, तुमच्याबरोबर निवांत बसून कपभर चहा.

कौतुक करताना 'हुशार आहेस' म्हणू नका, नेमकं काय सुधारलं ते सांगा: 'आज तिन्ही उदाहरणांत एकक लिहायला विसरली नाहीस.' आणि 'झाला का अभ्यास?' हा प्रश्न बदला. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि तो हजेरीसारखा वाटतो. 'आज कुठे अडलं?' विचारलंत तर ती बोलेल. उत्तर तुम्हाला आलंच पाहिजे असं नाही. अडलेलं वाक्य कागदावर लिहून उद्या शिक्षकांना विचारायचं, इतकं पुरे. ती बसलेली असताना तुम्ही जवळच भाजी निवडत किंवा हिशेब लिहीत गप्प बसलात तर तिला सोबत होते. मध्ये बोलायचं मात्र नाही.

पहिला आठवडा असा ठेवा. सोमवार ते बुधवार एकच २५ मिनिटांची बैठक, तीही आवडत्या विषयाची, ती संपली की खरोखर सुट्टी. अजून बसू का म्हणाली तरी तीन दिवस नको म्हणा. गुरुवार-शुक्रवार दोन बैठका, दुसरी अवघड विषयाची. शनिवारी चिठ्ठ्या आणि आठवड्यातल्या लाल खुणांवर एक नजर. रविवार पूर्ण मोकळा. शाळेचा गृहपाठ यातच धरा, वेगळा थर चढवू नका. नंतर दर आठवड्याला एकच बैठक वाढवा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत तिने स्वतः एक ओळ लिहायची, किती तास बसले याची नव्हे, आज काय यायला लागलं याची: 'समरूपतेची कोको कसोटी', 'दवबिंदू', 'सात शब्द'.

साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी खंड पडतो. पाहुणे येतात, ताप येतो, सणाची गडबड असते. चुकलेला अभ्यास दुसऱ्या दिवसावर चढवू नका, दुप्पट ओझं पाहून तोही दिवस जातो. चुकला तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम छोटी, पंधरा मिनिटांची बैठक करून गाडी रुळावर आणा. कोरी राहिलेली चौकट कोरीच राहू द्या.

एवढं करून महिन्याभरात काहीच फरक पडला नाही, तर कारण वेगळं शोधा. ओळ सोडून वाचणं, अक्षरं उलटसुलट होणं, तोंडी छान सांगता येणं पण लिहिताना अडणं हे जुनं असेल तर शाळेशी बोलून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात, पण त्याची कागदपत्रं वेळेत द्यावी लागतात, म्हणून हे दिवाळीच्या पुढे ढकलू नका. झोप उडालेली असेल, जेवण कमी झालं असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर अभ्यास बाजूला ठेवून आधी तिच्याशी बोला. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालतो.